गोलपोस्टमधल्या दोघी

पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याने पळस्पे फाटा मागे टाकला की कोन लागते. एकीकडे जुने गाव आणि दुसरीकडे उंच इमारती, ज्यांतली घरे सोडतीत गिरणी कामगारांच्या वाट्याला आली. दिवस कलायला लागला की कुठल्याही गावासारखी इथेही मोकळ्या जागेत मुले जमतात. दोन चपला इकडे, दोन तिकडे, झाला गोलपोस्ट. रमजानात रोजा असलेली मुलेही असरच्या नमाजनंतर खेळायला येतात. इफ्तारला अजून वेळ असतो आणि घड्याळाकडे पाहत बसण्यापेक्षा चेंडूकडे पाहणे बरे.

खेळ सुरू होण्याआधी एक भांडण ठरलेले असते. गोलमध्ये कोण उभे राहणार? कुणालाच ते नको असते. मग जो सर्वांत लहान असतो, ज्याला नीट धावता येत नाही किंवा ज्याचे कुणी ऐकत नाही, त्याला तिथे उभे केले जाते. एखादी बहीण भावाच्या मागे आलीच, तर तिची जागाही तीच. ‘तू गोलमध्ये उभी राहा,’ असे तिला सांगितले जाते. त्यात मान नसतो, नुसती सोय असते. पुढे गोल झाला की सगळे तिच्याकडे पाहतात.

याच कोनपासून, रस्ता मोकळा असेल तर तासाभराच्या आत, नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम येते. गेल्या २ नोव्हेंबरला तिथेच भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि ती रात्र पनवेलपर्यंत फटाक्यांनी गाजली. त्याच मैदानावर चार वर्षांपूर्वी आणखी एक सामना झाला होता. तो फारसा कुणाच्या लक्षात नाही, कारण तो पाहायला स्टेडियममध्ये प्रेक्षकच नव्हते. त्या सामन्यात गोल झाला नाही आणि पुढे तर तो सामना गुणतक्त्यातूनही पुसला गेला. मात्र त्या संध्याकाळी मैदानाच्या दोन टोकांना ज्या दोन स्त्रिया उभ्या होत्या, त्यांची कहाणी या महिन्यात आठवण्यासारखी आहे.

२० जानेवारी २०२२

महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेचे यजमानपद त्या वर्षी भारताकडे होते. बारा संघ आले होते आणि सामने नेरुळ, अंधेरी व पुण्याच्या बालेवाडीत होते. करोनाची तिसरी लाट चालू असल्याने प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. गुरुवार, २० जानेवारीच्या संध्याकाळी नेरुळला भारताचा पहिला सामना इराणशी होता. इराणच्या मुली या स्पर्धेत पहिल्यांदाच पोहोचल्या होत्या. डोक्याला घट्ट बसणारा रुमाल, लांब बाह्या आणि पूर्ण पाय झाकणारे कपडे अशा वेशात त्या मैदानात उतरल्या.

भारताच्या गोलमध्ये होती अदिती चौहान, तर इराणच्या गोलमध्ये जोहरे कुदाई. फारसीतले हे ‘जोहरे’ म्हणजेच आपल्याकडचे ‘जोहरा’, अर्थ शुक्राची चांदणी.

भारताने जोर लावला. उत्तरार्धात डांगमेई ग्रेसने चेंडू जवळजवळ आत घातलाच होता, पण कुदाईने तो अडवला. सामना शून्य-शून्य संपला. पुढच्या फळीतल्या खेळाडूंना असा निकाल खटकतो, गोलरक्षकाला मात्र याहून चांगला निकाल मिळत नाही. तिच्या कामाचे सर्वोत्तम फळ म्हणजे शून्य.

फुटबॉलच्या गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर असते. पुरुषांसाठी एक माप आणि स्त्रियांसाठी दुसरे, असे इथे नाही, गोल तेवढाच असतो. पेनल्टीच्या वेळी चेंडू अवघ्या ११ मीटरवर ठेवतात आणि तो मारला जाईपर्यंत गोलरक्षकाच्या एका पायाचा तरी स्पर्श गोलरेषेशी असावा लागतो. चेंडू पायावरून सुटल्यावर विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. समोरची मुलगी धावत येताना तिचा खांदा कुठे वळतो, टेकलेला पाय कुठे रोखला आहे, एवढ्यावरून अंदाज बांधून झेप घ्यायची. अंदाज बरोबर निघाला तर ती भिंत ठरते, चुकला तर लोक म्हणतात, ‘उलट्या बाजूला कशाला गेली?’

दिल्लीची मुलगी, लंडनची जर्सी

अदिती चौहानचा जन्म २० नोव्हेंबर १९९२ रोजी चेन्नईत झाला. ती लहान असतानाच कुटुंब दिल्लीला आले. शाळेत ती बास्केटबॉल खेळायची, कराटेही शिकली. फुटबॉल तिच्या आयुष्यात उशिरा आला. शाळेतल्या प्रशिक्षकांनी तिला दिल्लीच्या १९ वर्षांखालील मुलींच्या निवडचाचणीला पाठवले आणि ती गोलरक्षक म्हणून निवडली गेली. बास्केटबॉलने हातांना चेंडूची सवय लावली होती, कराटेने पडण्याची भीती घालवली होती. जी जागा गल्लीत कुणाला नको असते, तीच तिची झाली.

पुढे ती भारतीय संघात आली. २०१२, २०१६ आणि २०१९ मध्ये दक्षिण आशियाई अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघांत ती होती. पण तेव्हा आपल्या देशात मुलींसाठी व्यावसायिक फुटबॉल जवळजवळ नव्हतेच. राष्ट्रीय महिला लीग सुरू झाली २०१६-१७ च्या मोसमात. त्याआधी एखाद्या मुलीने ‘मला फुटबॉलवर पोट भरायचे आहे’ असे म्हटले असते, तर घरच्यांनी काय उत्तर दिले असते ते सांगायला नको.

अदितीने अभ्यासाची वाट धरली. क्रीडा व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी ती इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात गेली. वही-पुस्तकांबरोबर तिने हातमोजेही नेले होते. २०१५ मध्ये लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघाने तिला करारबद्ध केले. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचे नाव वर्तमानपत्रांत आले. त्याच वर्षी तिला तिथला आशियाई फुटबॉल पुरस्कारही मिळाला.

बातमीत न मावलेला तपशील पहिल्या सामन्याचा आहे. कॉव्हेंट्रीविरुद्धच्या त्या सामन्यात वेस्ट हॅमवर पाच गोल झाले आणि संघ शून्य-पाच असा हरला. परक्या देशात, नव्या संघात, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या संधीच्या पहिल्याच दिवशी पाच वेळा मागे वळून जाळीतून चेंडू काढायचा! त्यानंतर पुढच्या सरावाला जायचे की नाही, हा प्रश्न अनेकांना पडला असता. अदिती गेली. २०१८ पर्यंत ती त्या क्लबबरोबर होती.

भारतात परतल्यावर ती केरळच्या गोकुळम संघाकडून खेळली आणि २०१९-२० ची राष्ट्रीय लीग त्या संघाने जिंकली. २०२१ मध्ये ती आइसलँडला हामर या क्लबकडून खेळायला गेली. मुलींना फुटबॉल शिकवण्यासाठी तिने स्वतःची अकादमीही काढली. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, सतरा वर्षांच्या वाटचालीनंतर तिने निवृत्ती जाहीर केली. तिच्या हातमोज्यांची जागा आता मणिपूरच्या मुली घेत आहेत. गेल्या वर्षी आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत थायलंडला त्यांच्याच घरी २-१ असे हरवताना भारताच्या गोलमध्ये पंथोई चानू होती.

चांदणीवर संशय

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या जोहरे कुदाईचा प्रवास वेगळा होता. ती नेरुळला पोहोचण्याआधी तिचे नाव जगभर झाले होते, पण तिने कधी मागितली नसेल अशा कारणाने.

२५ सप्टेंबर २०२१ रोजी उझबेकिस्तानात इराण आणि जॉर्डन यांच्यात पात्रता सामना झाला. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये कुदाईने जॉर्डनच्या दोन पेनल्टी अडवल्या, इराण ४-२ असा जिंकला आणि पहिल्यांदाच आशियाई स्पर्धेत दाखल झाला. गोलरक्षकाच्या आयुष्यात असा दिवस एकदा आला तरी पुरे.

नोव्हेंबरमध्ये जॉर्डनच्या फुटबॉल संघटनेने आशियाई महासंघाला पत्र लिहिले. इराणच्या संघाबद्दल पूर्वी झालेल्या आरोपांचा हवाला देऊन, कुदाई स्त्री आहे की नाही याची स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञांकडून चौकशी करावी, अशी मागणी त्यात होती. संघटनेचे अध्यक्ष प्रिन्स अली बिन अल हुसेन यांनी हे पत्र समाजमाध्यमावर टाकले. दोन दिवसांत ते जगभर फिरले. बत्तीस वर्षांच्या एका स्त्रीचा चेहरा, उंची, खांदे यांवर ओळखपाळख नसलेले लोक मते देऊ लागले.

मी स्त्री आहे, हा माझा छळ आहे आणि मी न्यायालयात जाईन, असे कुदाईने वार्ताहरांना सांगितले. इराणच्या प्रशिक्षक मरियम इरानदुस्त यांनी हा आरोप म्हणजे हार न पचल्याचे निमित्त असल्याचे म्हटले. संघातल्या प्रत्येक खेळाडूची वैद्यकीय तपासणी झालेली आहे आणि हवी ती कागदपत्रे देऊ, असेही त्या म्हणाल्या.

हा संशय आपल्याकडेही नवा नाही. तमिळनाडूची धावपटू शांती सौंदराजन हिने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले होते. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले आणि गरीब घरातल्या त्या मुलीची खासगी गोष्ट साऱ्या देशाच्या चर्चेचा विषय झाली. खेळाच्या मैदानावर नियम असावेत आणि त्यांची तपासणीही असावी, याबद्दल वाद नाही. पण तपासणी बंद खोलीत, डॉक्टर आणि खेळाडू यांच्यात होते. चौकात केली जाते ती बदनामी.

उर्दूत यासाठी दोन शब्द आहेत. बदगुमानी, म्हणजे पुराव्याशिवाय मनात धरलेला वाईट संशय, आणि बोहतान, म्हणजे कुणावर खोटा आळ घेणे. रमजानच्या दिवसांत मशिदीतल्या बयानात हे दोन्ही शब्द हमखास कानावर येतात. रोजा फक्त पोटाचा नसतो, जिभेचाही असतो, असे घरातली वडीलधारी माणसे मुलांना सांगतात. पाणी न पिता दिवस काढणे त्या मानाने सोपे. दिवसभर कुणाबद्दल वाईट न बोलता राहणे आणि मोबाइलवर आलेला मजकूर पुढे न ढकलणे, हे जास्त कठीण.

एकच माणूस, दोन गोष्टी

या कहाणीतली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट त्याच्या दहा वर्षे आधीची आहे. ३ जून २०११ रोजी जॉर्डनच्या अम्मान शहरात इराण आणि जॉर्डन यांच्यात ऑलिंपिक पात्रता सामना होता. इराणच्या मुली डोके आणि मान झाकून मैदानात आल्या. गळ्याभोवती कापड असणे धोक्याचे आहे, असा नियम तेव्हा जागतिक फुटबॉल महासंघ दाखवत असे. सामना सुरू होण्याआधीच त्यांना खेळता येणार नाही असे सांगण्यात आले. जॉर्डनला ३-० असे विजयी ठरवले गेले. मैदानावर रडणाऱ्या त्या मुलींची छायाचित्रे जगभर छापून आली.

तेव्हा या मुलींच्या बाजूने जागतिक महासंघात कोण उभे राहिले? तेच प्रिन्स अली. महासंघाचे उपाध्यक्ष या नात्याने त्यांनी हा विषय लावून धरला. मार्च २०१२ मध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळापुढे त्यांनी बाजू मांडली आणि ओढ बसताच सुटून येईल असा सुरक्षित रुमाल वापरता येतो हे पटवून दिले. त्या वर्षी प्रायोगिक परवानगी मिळाली, २०१४ मध्ये ती कायम झाली. २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना डोके झाकून खेळली, ती त्या वाटेनेच.

म्हणजे ज्या माणसामुळे इराणच्या मुलींना मैदानाचे दार उघडले, त्याच माणसाच्या संघटनेकडून त्यांच्यातल्या एकीला ‘तू आत कशी आलीस?’ असे विचारले गेले. याचा अर्थ त्यांचे आधीचे काम खोटे होते असा नाही. ते खरेच होते आणि शेकडो मुली त्यामुळे खेळू शकल्या. पण एका पराभवाच्या कडवटपणात चांगल्या माणसाच्या हातूनही असे पत्र जाते, हे ध्यानात ठेवायला हवे. बदगुमानी फक्त वाईट माणसेच करतात असे असते, तर तिच्याबद्दल इतके बजावून सांगावे लागले नसते.

दुसरी बाजूही झाकून चालणार नाही. इराणमध्ये डोके झाकणे ही खेळाडूची निवड नाही, तो कायदा आहे. त्याच देशात स्त्रियांना पुरुषांचे सामने पाहायला स्टेडियममध्ये कित्येक वर्षे जाता येत नव्हते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेहरानच्या आझादी स्टेडियमचा एक भाग त्यांच्यासाठी उघडला, तोही मोठ्या दबावानंतर. नेरुळच्या सामन्यानंतर आठ महिन्यांनी महसा अमिनीच्या मृत्यूवरून तो देश पेटला. एकीकडे ‘झाकलेस तर खेळू देणार नाही’ म्हणणारे, दुसरीकडे ‘झाकले नाहीस तर खेळू देणार नाही’ म्हणणारे. मुलीला विचारणारा कुणीच नाही. कुदाईच्या वाट्याला तर तिसरी अटही आली, ‘तू मुलगी असल्याचे आधी सिद्ध कर.’

आशियाई महासंघाने तिला खेळण्यापासून रोखले नाही. दोन महिन्यांनी ती नेरुळच्या गवतावर उभी होती आणि ग्रेसचा चेंडू तिने अडवला. न्यायालयाच्या उत्तराआधी दिलेले हे तिचे उत्तर होते.

पुसलेले शून्य

त्या सामन्याचे पुढे काय झाले? तीन दिवसांनी, २३ जानेवारीला, भारताचा सामना चायनीज तैपेईशी होता. भारतीय संघातल्या बारा खेळाडूंना करोना झाल्याचे निष्पन्न झाले. सामन्यासाठी लागणाऱ्या किमान तेरा मुली उभ्या करता येईनात. यजमान संघच स्पर्धेतून बाद झाला आणि नियमानुसार भारताचे सगळे सामने रद्द ठरले. इराणविरुद्धचे ते शून्य-शून्यही गेले. इराणने पुढे चीनकडून सात आणि चायनीज तैपेईकडून पाच गोल खाल्ले आणि तोही संघ बाहेर पडला. तक्त्यात कुदाईच्या संघापुढे ते बारा गोल राहिले. ज्या एका सामन्यात तिच्यामागची जाळी कोरी राहिली होती, तोच सामना तक्त्यात नव्हता. अदितीचेही तेच झाले. मायदेशातल्या त्या स्पर्धेत तिच्यावर एकही गोल झाला नाही आणि त्याची नोंदही उरली नाही.

येत्या १ मार्चपासून ऑस्ट्रेलियात आशियाई स्पर्धा पुन्हा सुरू होत आहे. भारत आणि इराण दोघेही पात्र ठरले आहेत, दोघेही वेगवेगळ्या गटांत आहेत. इराणने या वेळीही पात्रता मिळवली ती जॉर्डनला हरवून, आणि तीही अम्मानमध्ये, जिथे पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलींना मैदानावरून रडत परतावे लागले होते. रमजानच्या उरलेल्या दिवसांत टीव्हीवर हे सामने दिसले, तर गोल करणाऱ्या मुलींबरोबर मागे उभ्या असलेल्या एकटीकडेही जरा पाहावे.

आणि ऑस्ट्रेलियापर्यंत जायलाही नको. कळंबोलीहून निघणाऱ्या रस्त्याने मुंब्रा फार दूर नाही. तिथे ‘परचम’ या संस्थेने दहा-बारा वर्षांपूर्वी मुलींचे फुटबॉल सुरू केले. मुस्लिम आणि हिंदू घरांतल्या मुली एका संघात आल्या. खेळायला जागा मिळेना, म्हणून त्यांनी मुलींसाठी राखीव मैदानाची मागणी केली, सह्या गोळा केल्या. सुरुवातीला तिथेही बोलणारे होतेच. मुलीने मैदानात कशाला जायचे, लोक काय म्हणतील? हा प्रश्न विचारताना दोन्ही धर्मांतले शेजारी अगदी एकाच सुरात बोलतात.

कोनमधल्या मोकळ्या जागेत आज संध्याकाळीही चपलांचे गोलपोस्ट मांडले जातील. मगरिबची वेळ झाली की रोजेदार मुले खजुराकडे धावतील, बाकीची आपापल्या घरी जातील. त्याआधी रोजचे भांडण होईल, गोलमध्ये कोण? तिथे एखादी मुलगी उभी असलीच, तर तिने अडवलेल्या चेंडूला एकदा मोठ्याने दाद द्यावी. गोल झाला की ओरडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.